पंचवीस टक्के जागा आणि भाडेकरार

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या (पहिली किंवा पूर्वप्राथमिक) २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुंबईत तर गल्लोगल्ली पालिकेची शाळा, म्हणजे कायदा नावापुरताच उरला असता.

आता अर्जाचं. वंचित घटकातल्या अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही, वडिलांचा जातीचा दाखला चालतो. पण दाखला महाराष्ट्रातलाच हवा. गोवंडी-मानखुर्दला उत्तरेतून आलेली दलित कुटुंबं इथेच अडतात. मग उरतो दुर्बल घटक, म्हणजे वार्षिक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तोही अर्जाआधीच्या तारखेचा. झोपडपट्टीतला घरमालक तो करून देत नाही (का देईल?), आणि प्रवेशाच्या सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराची खूण नीट करा, शाळेचं अंतर तिथूनच मोजतात. एका मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात.

कोणत्या वॉर्डात किती प्रवेश कोणत्या कागदावरून फेटाळले, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी दरवर्षी जाहीर करायला काय हरकत आहे?