करपलेला पाव

इटलीतल्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आम्ही गेलो ते माझ्या हट्टापायी. पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरात १९३८ साली सापडलेली एक हस्तिदंती मूर्ती तिथे आहे. तिला ‘लक्ष्मी’ म्हणतात. जाणकारांच्या मते ती यक्षी असावी. तशाच घडणीची मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही निघाल्यामुळे हीसुद्धा तिकडूनच गेली असावी, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. भोकरदन माझे आजोळ, त्यामुळे सात वर्षांच्या लेकाला घेऊन मी जणू माहेरच्या माणसाला भेटायला निघाले होते.

लेक मात्र अडकला पावापाशी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेला तो गोल पाव, भट्टीत घालण्याआधी पाडलेल्या खाचांमुळे त्याच्या आठ फोडी अजूनही स्पष्ट दिसतात. काचेला नाक लावून लेकाने विचारले, “आई, करपलेला पाव का ठेवलाय?” करपला म्हणूनच तर तो टिकला, हे त्याला काही पटले नाही.

आजीच्या चुलीवरची शेवटची भाकरी हमखास करपायची, कारण नेमकी त्याच वेळी शेजारीण दारात उभी राहून बोलत असे. करपलेली भाकरी खाल्ली की वाटेत पैसे सापडतात, असे सांगून ती आम्हा मुलांच्या गळ्यात मारली जाई. मी तशा पुष्कळ खाल्ल्या. केळना नदीच्या पुलावर एकदाच चार आणे सापडले, आणि तेही माझ्याच भावाच्या खिशातून पडलेले निघाले.

त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावच्या एका पावावर ठसा आहे: क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याचा गुलाम केलेर. गिरणीत अदलाबदल होऊ नये म्हणून आपण दळणाच्या डब्यावर नाव घालतो, तशातलाच हा प्रकार असावा, असे मी लेकाला सांगितले आणि ते त्याला लगेच समजले. गुलाम म्हणजे काय, हे सांगायला मात्र बराच वेळ लागला. विकत घेतलेला माणूस, असे म्हटल्यावर त्याने “दुकानातून?” असे विचारले.

अखेर आम्ही लक्ष्मीपाशी पोहोचलो. वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, एका पायावर पाय टाकून निवांत उभी. तिच्या दोन्ही बाजूंना शृंगाराची साधने घेतलेल्या दोन चिमुकल्या आकृती आहेत. ही आपल्या पणजीच्या गावची, हे मी मोठ्या उमाळ्याने सांगू लागले, पण लेकाचे लक्ष त्या दोघींकडे होते.

“या छोट्या मुली कोण?”

“तिच्या दासी.”

“म्हणजे केलेरसारख्या?”

मी ‘नाही रे’ म्हणायला तोंड उघडले आणि तशीच थांबले. आजीच्या प्रत्येक गोष्टीतल्या राणीला दासी असायच्या, आणि त्या कुठून आल्या, हे मी तिला एकदाही विचारले नव्हते. लेकाने थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली आणि मग पुन्हा पावाकडे जाऊ या म्हणून माझा हात ओढू लागला.