काळा कोट उतरवलेला चाकू

हल्ली ऑनलाइन फोल्डिंग चाकू बघायला गेलं की जिकडेतिकडे काळी पातीच दिसतात, जणू आपण सगळे आज रात्री शत्रूच्या हद्दीत उतरणार आहोत, प्रत्यक्षात काय तर राजगडावर बसून काकडी कापायची असते. माझाही तसाच होता. दिसायला भारी, यात वादच नाही. पण जाड पावडर कोटिंग हाताला रवाळ लागतं, ते काकडीतून सरसर जात नाही, अडखळतं, आणि काही दिवसांनी धारेच्या वरच्या अंगाला चकचकीत ओरखडे उठायला लागतात. मग ते निघालेलं काळं गेलं कुठे, तर काकडीबरोबर पोटात, हे एकदा डोक्यात बसलं की विषय संपला, कोट उतरवायचाच.

कंपन्या कोटिंग का देतात याची छापील कारणं म्हणजे गंज लागू नये आणि उन्हात पातं चमकू नये. न छापलेलं कारण असं की ग्राइंडिंगच्या रेघा त्याखाली झाकल्या जातात आणि पॉलिशची मजुरी वाचते. गंमत म्हणजे गंजापासून सगळ्यात जास्त जपायची ती धार, आणि धार लावतात ती सहसा कोटिंग झाल्यावर, म्हणजे ती बिचारी उघडीच!

सगळं काळं एकाच जातीचं नसतं हे मात्र आधी बघून घ्यावं. ब्लॅक ऑक्साइड, म्हणजे रसायनाने स्टीलच्याच पृष्ठभागाचा केलेला काळा थर, असेल तर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवलं तरी उतरतं. डीएलसी (हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा थर) वगैरे असेल तर नादाला लागू नका, तो थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो पण खालच्या स्टीलपेक्षा कडक, पेंट रिमूव्हरला तो भीक घालत नाही. रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर मात्र रिमूव्हर हवाच. हार्डवेअरवाला विचारतो, गेट आहे की ग्रिल? चाकू म्हटलं की तो आधी डब्याकडे बघतो आणि मग आपल्याकडे.

त्या डब्यात बऱ्याचदा डायक्लोरोमिथेन असतं, त्याची वाफ इतकी वाईट की अमेरिकेत २०१९ साली घरगुती वापराच्या रिमूव्हरमध्ये त्यावर बंदी आणली, तेव्हा हे काम गॅलरीतच करायचं आणि भांडी घासायच्या हातमोज्यांवर फार भरवसा ठेवायचा नाही. फोल्डिंग चाकू असल्याने आधी पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा, चांदणीच्या खाचेचा टॉर्क्स स्क्रू काढून पातं वेगळं करणं आलं, नाहीतर रिमूव्हर आत शिरून प्लास्टिकच्या मुठीची वाट लावतो. लॉक जिथे टेकतं ती जागा आणि पिव्हटच्या भोवतालचा भाग घासायचा नाही, तिथे केसभर जरी कमी झालं तरी पातं लटपटतं. आणि कोणी गॅसवर धरून कोटिंग जाळायचा सल्ला दिला तर नमस्कार करून पुढे जावं, साध्या कार्बन स्टीलचं टेम्परिंग, म्हणजे कडक केलेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा तापवणं, दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास केलेलं असतं, त्याच्या वर तापलं की पाणी उतरलंच, म्हणजे कडकपणा गेला.

बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. रिमूव्हर फासला की थोडा वेळ काहीच होत नाही, मग एका कडेला कोटिंगला बारीक सुरकुत्या पडतात, त्या पसरतात, आणि सगळा थर सायीसारखा फुगून वर येतो. आइस्क्रीमच्या काडीने ओढला की चिंधी होऊन निघतो. खालून आरसा निघेल अशी आशा असेल तर सोडून द्या, खाली असतं राखाडी, खरबरीत पातं, मजुरी वाचवलेल्या सगळ्या रेघांसकट. मग धारेला टेप लावून वॉटर पेपर, आधी २२०, मग ४००, मग ८००, पाणी लावून, एकाच दिशेने. कंटाळवाणं काम आहे पण मला आवडतं, बायकोच्या मते भांडी घासायलाही इतकं मन लावायला हरकत नाही.

आणि एवढं करून पातं चकचकीत राहतं का, तर नाही. कार्बन स्टील आहे, कांद्याने निळसर झाक येते, कैरीने करडे डाग पडतात, आणि केळफूल चिरलं तर त्यातल्या टॅनिनने चक्क काळं होतं, जुन्या काळी लोखंड आणि टॅनिनचीच तर शाई करायचे. सुरुवातीला कांदाही जरा काळवंडतो आणि लोखंडाचा वास मारतो, पण तो डागांचा थर जमला की हे कमी होतं आणि तांबडा गंजही लवकर धरत नाही. म्हणजे कंपनीचं काळं काढून आपण स्वयंपाकघराचं काळं चढवायचं! पण हे काळं ओट्यावरच तयार होतं, आणि पुन्हा घासलं तर पुन्हा येतं. पावसाळ्यात तेवढ्यावर भागत नाही, पुसून तेलाचा हात द्यावाच लागतो. खाद्यतेलं चिकट होतात, त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं, पोट साफ व्हायला देतात तेच.

स्टेनलेस पात्यावर यातलं काही फारसं चढत नाही, म्हणून त्याचा कोट काढायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

सध्या चाकू ड्रॉवरमध्ये मागच्या बाजूला ठेवलाय, कारण आई आली आहे, आणि असलं डागाळलेलं पातं दिसलं की ती चिंच घेऊन बसते.