मॅडम, मुंबईत पुस्तकांची दुकानं कुठली बघू?

अमळनेरच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एक फोन अजून येतोच. कुणाचा मुलगा परीक्षेला निघतो, कुणी लग्नाला, कुणी नुसतं समुद्र बघायला, आणि निघायच्या आदल्या दिवशी विचारतात, "मॅडम, मुंबईत पुस्तकांची दुकानं कुठली बघू? जुनी, छान, बघण्यासारखी?" गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीने मुलाखतीला जाताना हेच विचारलं. बस सुटायला आली होती, म्हणून तिला चार नावं सांगून फोन ठेवला. नंतर वाटलं, नुसती नावं सांगून काय उपयोग? तर तुम्हीही तेच विचारलंत म्हणून हे जरा सावकाश सांगते.

शाळेच्या ग्रंथालयाला मिळणारे पैसे 31 मार्चच्या आत खर्च करावे लागत. तीन कोटेशनं मागवायची, त्यातलं कमी दराचं मंजूर करायचं, की विक्रेता त्याच्याकडे वर्षभर पडून राहिलेला माल पोत्यात भरून आणून टाकायचा. एका वर्षी एकाच चरित्रमालेचे तीन संच आले. मुलं काही त्यांना हात लावीनात. मग मी चिटणीसांकडे गेले आणि म्हटलं, "भाडं माझं, सूट शाळेची. मला मुंबईला जाऊन पुस्तकं बघून घेऊ द्या." ते आधी हसले, मग हो म्हणाले. हसल्या नाहीत त्या सासूबाई. "पुस्तकं लेवाले मुंबईले कसाले जास वं? आठे भेटत नही का?"

भेटत होती, पण गाईडं आणि वह्यांच्या मागे जी मावतील तेवढीच. कुठलं नवं पुस्तक आलंय हे आम्हाला कळायचं ते 'ललित' मासिकातून. त्यातल्या जाहिराती मी तांबड्या पेन्सिलीने खुणा करत मजकुरासारख्या वाचायचे. ते मासिक 1964 साली केशवराव कोठावळ्यांनी सुरू केलं, आणि कोठावळे म्हणजे गिरगावातलं मॅजेस्टिक बुक डेपो. तेव्हा पहिलं दुकान बघायचं ते हेच, हे माझं घरूनच ठरलं होतं.

पण गाडी पोचते सकाळी. रात्री जळगावला अमरावती एक्सप्रेस पकडली की साडेसहा-सातला सीएसटीला उतरायचं, आणि पुस्तकांची दुकानं दहा-साडेदहाशिवाय उघडत नाहीत. हे तीन तास कुठे काढायचे, तेही सांगते. वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, चहा-बनमस्का घ्या आणि चालत टाउन हॉलला जा. 1833 साली बांधून झालेली ही इमारत. तिच्यात ग्रंथालय असलेली एशियाटिक सोसायटी तिच्याहून जुनी, 1804 ची. समोरच्या तीस पायऱ्यांवर सकाळी कॉलेजची मुलं येऊन बसलेली असतात, कुणी हटकत नाही. दुकान नाही हे, मला ठाऊक आहे. पण त्या पायऱ्यांवर बसून मी दरवर्षी यादी पुन्हा लिहायचे, आणि पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवायचे: शाळेचे पाकिटात, माझे रुमालात.

पहिल्या वर्षी फोर्टातल्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानात शिरले. "बॅग बाहेर ठेवा." ठेवली. मग एक मुलगा माझ्या मागे दोन पावलं ठेवून चालू लागला. मी थांबले की तो थांबायचा. मुलांसाठी एक मोठा नकाशासंग्रह हातात घेतला, तेवढ्यात तो म्हणाला, "मराठी पुस्तकं इथे नाहीत, बाई." मी नकाशा खाली ठेवला. माझ्या पाकिटात शाळेचे अकरा हजार होते. त्याला दाखवावेत असं क्षणभर वाटलंही होतं.

तिथून चालत स्ट्रँडला गेले. स्ट्रँड बुक स्टॉल आता नाही. 2018 च्या फेब्रुवारीत बंद झालं. पण जुन्या दुकानांबद्दल विचारलंत तर त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सर पी. एम. रोडवरचं ते दुकान मुळीच देखणं नव्हतं. अरुंद जागा, छतापर्यंत पुस्तकं, समोरून कुणी आलं की आपण तिरकं व्हायचं. पण तिथे मी तासभर उभी राहिले आणि कुणी काही म्हणालं नाही. उलट एका वयस्क माणसाने, मी मुलांची विज्ञानाची पुस्तकं चाळतेय हे बघून, वरच्या फळीवरून आणखी दोन काढून हातात दिली आणि निघून गेला. सूट मागायला मी तोंड उघडलं, तर बिलात वीस टक्के आधीच वजा झालेले. तिथे ती सगळ्यांनाच मिळायची. दरवर्षी घासाघीस करायची सवय असलेल्या खानदेशी बाईला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

पुढे त्या दुकानाची गोष्ट कळली. टी. एन. शानभाग विद्यार्थी असताना एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तकं चाळत होते, म्हणून त्यांचा अपमान झाला होता. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण असं दुकान काढायचं, जिथे कुणीही पुस्तकाला हात लावावा. 1948 साली, साडेचारशे रुपयांच्या भांडवलावर, कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात त्यांनी एक छोटा स्टॉल टाकला. नाव तिथून आलं. फोर्टात ते नंतर आले. 2003 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2009 साली ते गेले. हे वाचलं तेव्हा मला तो काचेच्या दाराचा मुलगा आठवला, आणि त्याचा राग जरा कमी झाला. पूर्ण नाही.

आता गंमत बघा. स्ट्रँडला नाव सिनेमा थिएटरचं, तसंच मॅजेस्टिकलाही. गिरगावातल्या ज्या मॅजेस्टिक सिनेमात 1931 साली देशातला पहिला बोलपट लागला, त्याच्यापाशी कोठावळ्यांनी 1942 साली पुस्तकविक्री सुरू केली, तीही जुन्या पुस्तकांची. थिएटर केव्हाच पाडलं, तिथे शॉपिंग सेंटर उभं राहिलं, पण नाव राहिलं पुस्तकांवर. सिनेमाला येणारी गर्दी पुस्तकाकडे वळवायची, ही युक्ती दोघांनाही सुचली याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. आमच्याकडे टॉकीजबाहेर भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या.

मॅजेस्टिकमध्ये मी 'ललित'चा खुणा केलेला अंकच काउंटरवर ठेवला. तिथल्या माणसाने खुणा बघितल्या, दोन ठिकाणी "ही आवृत्ती संपली" म्हणाला आणि एका ठिकाणी, "शाळेसाठी घेताय ना? मग हे नको, हे न्या." स्वतःच्या दुकानातलं महागडं पुस्तक नको म्हणणारा विक्रेता मी पहिल्यांदा बघितला.

गिरगावात गेलात तर काळबादेवीच्या बाजूला जरा भटका. दुकान असं बोट दाखवून सांगत नाही, पण मराठी-संस्कृत छपाईचा मुलूख तो. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 चा. माझ्या सासूबाईंच्या देवघरातलं पंचांग त्याच नावाचं असायचं. त्यांच्यासाठी मी दरवर्षी मोठ्या टाइपातली एक पोथी तिकडून आणायचे, तेव्हापासून मुंबईबद्दलची त्यांची तक्रार थांबली. शेजारच्या उर्दू शाळेतल्या सहकारीण बाईही एकदा यादी देऊन बसल्या. त्यांच्यासाठी जे. जे. हॉस्पिटलजवळच्या प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये मकतबा जामिया या उर्दू पुस्तकांच्या दुकानात गेले. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी यादी वाचली, पुस्तकं बांधली, वर कुठली पहिलीची, कुठली चौथीची ते मला देवनागरीत लिहून दिलं.

आता तुम्हाला फोटो काढण्यासारखं हवंय ते. किताबखाना. हुतात्मा चौकात सोमय्या भवनात 2011 साली सुरू झालं, म्हणजे दुकान नवं, इमारत जुनी. उंच छत, कोरीव खांब, लाकडी जिना, आणि बसायला जागा! निवृत्तीनंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते थोडं नटवं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. नंतर 2020 च्या डिसेंबरात तिथे आग लागली. टाळेबंदीनंतर दुकानं कुठे उघडत होती तेवढ्यात. पुस्तकं जळली त्याहून जास्त धुराने आणि पाण्याने गेली. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. आमच्या शाळेच्या एका खोलीत पावसाचं पाणी शिरून साडेतीनशे पुस्तकं फुगली होती, ती मी ऊन दाखवत पटांगणात पंधरा दिवस उलटपालट केली होती. भिजलेल्या पुस्तकाचा वास मला माहीत आहे. तीन महिन्यांत सगळं पुन्हा लावणाऱ्या माणसांबद्दल मग 'नटवं' हा शब्द मी परत घेतला. मराठीचं कपाट आहे तिथे, लहान आहे. तेही बघा.

बाहेर चौकातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. 2005 च्या सुमारास महापालिकेने विक्रेते उठवले, त्यानंतर पूर्वीची रांग राहिली नाही, थोडेच आहेत. पुस्तक हातात घेतल्याबरोबर किंमत विचारू नका. आधी शेजारचं दुसरं घ्या, चाळा, ठेवा. हे शास्त्र भुसावळच्या बाजारात भरीताची वांगी घेताना शिकलेलं, तिथेही चालतं.

दादरला आयडियल, स्टेशनजवळ छबिलदासच्या गल्लीत. गर्दी फार, धक्के खात बघायचं, पण मराठी पुस्तक तिथे नाही मिळालं तर मग लेखकाच्या घरीच जा.

पुण्याचंही काही जण विचारतात. अप्पा बळवंत चौक सुंदर नाही. जूनमध्ये तर पाय ठेवायला जागा नसते. तिथे बहुतेक ठिकाणी तुम्ही नाव सांगायचं आणि पलीकडचा माळ्यावरून पुस्तक खाली टाकणार. नाव माहीत असेल तर जा. माहीत नसेल तर डेक्कनवरच्या इंटरनॅशनल बुक सर्व्हिसमध्ये जा, 1931 पासूनचं आहे.

आणि एक राग सांगू? ऐतिहासिक बघायला म्हणून मुंबई गाठणाऱ्या किती जणांनी जळगावचं व. वा. वाचनालय आतून बघितलंय? 1877 चं आहे. त्याच साली तिकडे अलाहाबादला व्हीलरचे रेल्वे स्टॉल सुरू झाले, आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं पुस्तकाचं दुकान म्हणजे भुसावळ जंक्शनवरचा व्हीलरचा स्टॉल. वडिलांबरोबर गाडी बदलायला थांबलो की मी काचेवर नाक लावून उभी. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हातचं रामायण आहे, हे मी मुंबईच्या माणसांना सांगते तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं. धुळ्याच्या माणसांना सांगते तेव्हाही वाटतं.

परतीची कथा छोटी. सुतळीने बांधलेली दोन खोकी, मध्यरात्रीनंतर जळगाव स्टेशन, पहिल्या एसटीपर्यंत खोक्यांवरच बसून डुलक्या. कंडक्टरने एकदा विचारलं, "हाई काय शे वं बाई?" म्हटलं, पुस्तकं. "इतलं वजन? लगेज लागी." भरलं. पावती घेतली. ती शाळेने मंजूर केली नाही.

मग दाखल नोंदवही. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, विक्रेता, पानं, किंमत, शेरा. विक्रेत्याचा रकाना बहुतेक ग्रंथपाल 'वरीलप्रमाणे' म्हणून खुणा ओढून भरतात. मी दरवेळी पूर्ण लिहायचे: स्ट्रँड बुक स्टॉल, फोर्ट. मॅजेस्टिक, गिरगाव. फुटपाथ, हुतात्मा चौक (बिल नाही, हे शाळेच्या पैशांतलं नव्हे, भेट म्हणून दाखल). मध्यंतरी शाळेत गेले होते. आता सगळं संगणकावर आहे, आणि त्या यादीत हा रकाना ठेवलेलाच नाही. जुन्या वह्या कपाटावर होत्या, झुरळांच्या गोळ्यांसकट. मी त्या खाली काढून पुसून ठेवल्या.

त्या मुलाखतीला गेलेल्या मुलीचा परवा मेसेज आला. किताबखान्यातून. फोटो खांबाचा नाही, हातातल्या पुस्तकाचा. "मॅडम, दीड तास उभी होते, कुणी काही बोललं नाही. एकच घेतलं. बिल ठेवायचं का?"

मी लिहिलं, ठेव. पुस्तकातच ठेव, आणि मागे तारीख लिही.