गिरगावात पंखा, आरेत शेकोटी

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे घरातून निघाले तेव्हा आमच्या गिरगावच्या खोलीत पंखा तीनवर फिरत होता. मैत्रिणीने आदल्या रात्री बजावलं होतं, "स्वेटर आण गं", पण मी मनातच म्हटलं मुंबईत कसला आलाय स्वेटर, आणि साधी कॉटनची कुर्ती घालून चर्नी रोडला स्लो लोकल पकडली. अंधेरी गेल्यावर खिडकीतलं वारं टोचायला लागलं, गोरेगावला रिक्षात बसले आणि आरेच्या जंगलात शिरल्यावर तर दातावर दात वाजायला लागले.

मैत्रीण आरेतल्या पाड्याजवळ राहते. मी पोचले तर शेजारच्या मावशींनी अंगणात शेकोटी पेटवलेली. कोण, कुठली काही न विचारता त्यांनी स्वतःच्या अंगावरची चादर काढून माझ्या खांद्यावर टाकली, हातात कोऱ्या चहाचा पेला दिला. इतकं अगत्य मला आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यांकडूनही मिळालेलं नाही, खरंच सांगते. म्हणाल्या, "खाली ओढ्याकडं नको जाऊ पोरी, तिथं अजून गार हाय." मला पटेना, मी गेलेच. पन्नासेक पावलं उतार, आणि तिथे खरंच जास्त गार! गवत दवाने चिंब, चप्पल भिजली, धुकं गुडघ्याएवढं साचलेलं.

मैत्रीण शाळेत भूगोल शिकवते, तिने शेकोटीपाशीच समजावलं. आभाळ निरभ्र असलं की उघडी जमीन रात्रीत भराभर थंड होते, तिच्यावरची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली जाऊन खोलगट जागी बसते. दक्षिण मुंबईला मात्र जवळजवळ तिन्ही बाजूंनी समुद्र, तो रात्री लवकर थंड होत नाही, त्यात दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. मग आमचा पंखा कसा बंद होणार?

आणि तरी बातम्यांत सर्रास 'मुंबईचं तापमान' म्हणून एकच आकडा देतात, याचा मला आता मनापासून राग येतो. हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांतच हिवाळ्यातल्या पहाटे कितीतरी अंशांचा फरक पडतो, आणि पावसाचं तर विचारूच नका, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. माझे बाबा त्या दिवशी ऑफिसातून चालत घरी आले आणि अंधेरीची आत्या रात्रभर माळ्यावर बसून होती, एकाच शहरात.

ज्या झाडा-गवतामुळे आरे अशी गार राहते तिथली दोन हजारांवर झाडं ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली. तो विषय निघाला तेव्हा मावशी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या शेकोटीतलं लाकूड पुढे सारत राहिल्या.

बाकी दिवस जेवणात आणि गप्पांत गेला. दुपारी तिथेही ऊन चटकायला लागलं तशी चादर घडी करून परत केली. रात्री दहाला घरी आले, जिन्यातल्या पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावून बघितला, अजून कोमट होती. मैत्रिणीला फोन लावला तर म्हणाली, मावशींनी आत्ताच शेकोटी पेटवलीय.