‘वॉटर चाललं ना मॅडम? मग तिकीट क्लोज करतो’

महासंगणकावर एनडब्ल्यूकेम, म्हणजे रेणूंचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर, बसवायला मला साडेचार आठवडे लागले. त्यातले तीन एका तिकिटाने, म्हणजे मदतकक्षाकडे नोंदवलेल्या तक्रारीने खाल्ले. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा मध्येच सूर चढला तर सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पीएचडीला उशिराच लागले, लेक बारावीला गेल्यावर. विषय क्वेरसेटिन हा रेणू. कांद्याच्या सालीत ते भरपूर असतं, आणि माहेर लासलगावकडचं असल्यावर कांद्याची सालही वाया घालवायची नसते. सी15 एच10 ओ7, म्हणजे 32 अणू. त्यावर पाच ओएच गट. त्यातल्या कुठल्या गटाचा हायड्रोजन सगळ्यात सहज सुटतो, हे रेणूभोवती पाण्याचे रेणू ठेवून काढायचं होतं. एकटं क्वेरसेटिन लॅबच्या डेस्कटॉपवर रडतखडत चालायचं, पण पाणी घातलं की मशीन मान टाकायचं. हार्ट्री-फॉक या रेणूची ऊर्जा काढायच्या पद्धतीत रेणू दुप्पट मोठा केला तर काम कागदोपत्री 16 पट वाढतं, मग बिचाऱ्या डेस्कटॉपने काय करावं?

एनडब्ल्यूकेम घेतलं कारण ते फुकट आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत हे सॉफ्टवेअर 1990च्या दशकात तयार झालं, तेही पहिल्यापासून समांतर, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरमध्ये वाटून घेणाऱ्या संगणकांसाठीच. 2010 पासून ते मुक्तस्रोत आहे. परवान्याच्या पैशांसाठी प्राचार्यांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागत नाही, हा त्याचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण.

महासंगणकाच्या सेंटरवर खातं, कॉलेजचा शिक्का, स्थिर आयपी हे सगळं झालं. कसं झालं ते आता आठवतही नाही.

पहिला बिल्ड, म्हणजे सोर्सपासून तयार केलेला प्रोग्राम, मी साधा केला, एनडब्ल्यूकेमच्या पोटातलंच ब्लास (मॅट्रिक्सची गणितं करणारी लायब्ररी) वापरून. पाण्याचा एक रेणू चालवला. 6-31जी* या नेहमीच्या बेसिसला (इलेक्ट्रॉनांसाठी वापरायच्या फलनांचा संच) ऊर्जा उणे 76.01 हार्ट्री (ऊर्जेचं एकक) आली, पुस्तकात असते तेवढीच. घरी जाताना मिसळ पार्सल घेतली. मग वेग हवा म्हणून इंटेलचं एमकेएल आणि स्कॅलापॅक या वेगवान गणिती लायब्ररी जोडून दुसरा बिल्ड केला. स्कॅलापॅक असलं की मोठ्या मॅट्रिक्सचं डायगोनलायझेशन, म्हणजे या हिशेबातलं सगळ्यात जड गणित, सगळ्या कोअरमध्ये (प्रोसेसरच्या गणित करणाऱ्या भागांत) वाटलं जातं. लायब्ररी जोडायची ओळ सेंटरच्या मदतकक्षानेच पाठवली होती, ‘हीच टाका, सगळे हीच वापरतात’ म्हणून. कंपाइल विनातक्रार झालं. क्वेरसेटिन लावलं आणि पहिल्याच फेरीत ‘सेग्मेंटेशन व्हायोलेशन’, म्हणजे प्रोग्राम नको त्या मेमरीत शिरला आणि कोसळला.

तिकीट टाकलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, इनपुट फाइल तपासा. तपासली, हीच फाइल डेस्कटॉपवर चालते असं कळवलं. चार दिवसांनी उत्तर, मेमरी वाढवा. (इथे एक गोष्ट सांगून ठेवते. एनडब्ल्यूकेममधली मेमरीची ओळ प्रत्येक प्रोसेससाठी असते, पूर्ण नोडसाठी, म्हणजे महासंगणकातल्या एका अख्ख्या संगणकासाठी, नाही. आमच्या नोडवर 48 कोअर आणि 192 जीबी. म्हणजे वाट्याला जेमतेम 4, आणि त्यातूनही ऑपरेटिंग सिस्टिमसाठी थोडी सोडायची. मी आज्ञाधारकपणे 8 जीबी लिहिले आणि जॉब सुरू होताच मारला गेला.) तिसऱ्यांदा तिकीट उघडल्यावर मी फोनच केला.

‘मॅडम, तुमच्या फोल्डरमध्ये वॉटरचा लॉग (प्रोग्रामने लिहिलेली नोंद) आहे ना? तो नीट चाललाय.’

‘सर, वॉटर चाललं, क्वेरसेटिन चालत नाही.’

‘वॉटर चाललं ना? मग सॉफ्टवेअर ओके आहे. तुमच्या मॉलिक्यूलमध्ये इश्यू असेल. तिकीट क्लोज करतो.’

मॉलिक्यूलमध्ये इश्यू! कांद्यात गेली कित्येक वर्षं बिनतक्रार बसलेल्या रेणूत! आणि त्यांनी बघितलेला लॉग माझ्या जुन्या, साध्या बिल्डचा होता. हे माझ्याही नंतर ध्यानात आलं, ते कबूल करते.

ते दिवस पावसाचे होते. गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढली होती, कॉलेजला सुट्टी होती, म्हणून घरी बसून ‘एलडीडी’ ही साधी आज्ञा दिली. आपला प्रोग्राम चालताना कुठल्या लायब्ररी उचलतो, ते ती दाखवते. यादीत एमकेएलच्या नावात ‘एलपी64’ दिसलं. एनडब्ल्यूकेमला हवी असते ‘आयएलपी64’. एका ‘आय’चा फरक.

झालं होतं असं. रसायनशास्त्राच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पूर्णांक 4 बाइटचा असतो. एनडब्ल्यूकेम 64 बिटवर 8 बाइटचा धरतं, कारण 4 बाइटमध्ये 214 कोटींच्या थोडं पुढेपर्यंतच मोजता येतं आणि या हिशेबांत तेवढं पुरत नाही. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरवर आकड्याचा लहान भाग आधी लिहिला जातो. त्यामुळे 8 बाइटच्या एकट्या आकड्याचे पहिले 4 बाइट वाचले तरी बरोबरच उत्तर मिळतं, निव्वळ नशिबाने. यादी असली की नशीब संपतं. आपण 48, 7, 3 पाठवतो आणि पलीकडचा वाचतो 48, 0, 7. स्कॅलापॅकला प्रत्येक मॅट्रिक्सची ओळख नऊ पूर्णांकांच्या अशाच यादीने करून द्यावी लागते. तिथेच माझं क्वेरसेटिन मरत होतं. मदतकक्षाची ओळ ‘सगळ्यां’ना चालत होती, कारण ते सगळे 4 बाइटवाले.

उपाय दोन. सोर्समधल्या ब्लासच्या हाका 4 बाइटच्या करून घ्यायच्या, त्याची सोय एनडब्ल्यूकेमच्या ‘मेक’मध्ये, म्हणजे बिल्ड करायच्या आज्ञेतच आहे. नाहीतर सगळ्या लायब्ररी 8 बाइटच्या जोडायच्या आणि ब्लास, स्कॅलापॅक दोन्हींचा आकार 8 लिहायचा. मी दुसरा घेतला. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, स्कॅलापॅकला निरोपानिरोपीसाठी लागणारी ब्लॅक्ससुद्धा. ती मी विसरले आणि आणखी एक दिवस गेला, त्याचा दोष मात्र मदतकक्षाला देता येत नाही.

त्या रात्री साडेअकराला एससीएफ जुळला, म्हणजे फेऱ्या करत करत ऊर्जेचा हिशेब स्थिर झाला. घरात सगळे झोपलेले, म्हणून एकटीनेच टाळी वाजवली.

तुम्ही नव्याने करत असाल तर नवा बिल्ड झाला की पाणी त्याच बिल्डवर पुन्हा चालवा, आणि जुने लॉग वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. म्हणजे कुणी ते दाखवून तुमचं तोंड बंद करणार नाही. प्रोसेसमधल्या निरोपांच्या नेटवर्कसाठी एमपीआय-पीआर हा पर्याय निवडलात तर प्रत्येक नोडवरची एक प्रोसेस निरोप पोचवायलाच राखून ठेवली जाते. 48 कोअर मागून हिशेबाला 47 लागले म्हणून घाबरू नका, आणि चाचणी एका प्रोसेसवर घेऊ नका, चालणारच नाही. तिकिटात ‘चालत नाही’ असं लिहू नका, एलडीडीची पूर्ण यादी चिकटवा.

उत्तर शेवटी बी वलयावरच्या (क्वेरसेटिनच्या तीन वलयांपैकी एक) 4’ क्रमांकाच्या ओएचचं आलं, त्याचा हायड्रोजन सगळ्यात सहज सुटतो. आधीच्या लोकांनीही तेच काढलेलं आहे. मी चौथ्यांदा तिकीट उघडून कारण आणि दुरुस्त केलेली ओळ कळवली. उत्तरात आपोआप आलेला मेल होता, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

आणि हो, हे वर सांगायला हवं होतं. स्क्रॅचमधल्या, म्हणजे तात्पुरत्या जागेतल्या जुन्या फायली आमच्या सेंटरवर आपोआप पुसल्या जातात. जॉब संपला की ‘मूव्हेक्स’ फाइल (जुळलेल्या ऑर्बिटलची) लगेच होम फोल्डरमध्ये आणा, पुढचा हिशेब तिच्यावरून उचलता येतो. माझी पहिली जुळलेली फाइल तशीच गेली.