तुम्ही विचारलंत म्हणून : ती वाकळ आता कुठं आहे?

आजीच्या जुन्या वाकळीवरून मी कागदावर छापे काढले. संभाजीनगरला त्यांचं प्रदर्शन होतं. तिथं आठ दिवस मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून होते आणि आठही दिवस एकच प्रश्न ऐकत होते. "छापे सुंदर आहेत, पण ती खरी वाकळ कुठंय?" कुणी कौतुकानं विचारलं, कुणी दटावून. एका बाईंनी तर माझा हात धरला. "ताई, नासली ना हो ती?" मी दर वेळी "घरी आहे" एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं. आता फोनवरही तेच सुरू झालंय, म्हणून एकदाच लिहिते. होय, नासली. माझ्या हातानं नासली.

आधी माझी बाजू ऐका. आजी गेल्यावर अकरा वर्षं ती वाकळ अंबाजोगाईजवळच्या आमच्या घरात पेटीत पडून होती. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. वरचं इरकल लुगडं इतकं विरलं होतं की बोट फिरवलं तरी धागा निसटायचा. भिंतीला टांगली असती तर स्वतःच्याच वजनानं फाटली असती. तशीच पेटीत ठेवली असती तर आणखी काही पावसाळ्यांत चिंध्या झाल्या असत्या, आणि त्या चिंध्यांबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नसता.

आणि पैठणी किंवा हिमरू, म्हणजे संभाजीनगरचं ते नक्षीदार कापड, का नाही घेतलं, असंही बऱ्याच जणांनी विचारलं. पैठणी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते, हिमरूच्या पाठीला सुटे धागे लोंबतात. दोन्हींवर काम करावं असं पुष्कळ आहे. पण आमच्या घरात पैठणी नव्हती. वाकळ होती.

आता जे तिथं बोलले नाही ते. मी वाकळीला थेट शाई लावायला गेले नव्हते. पहिल्यांदा सॉफ्ट ग्राउंड नावाची छपाईची रीत करून पाहिली. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा मऊ थर द्यायचा, त्यावर कापड ठेवून दाबायचं. कापड उचललं की वीण मेणात उमटलेली असते, मग पत्रा आम्लात सोडायचा, मेण निघालेल्या जागा आम्ल खातं. कापडाला थोडं मेण लागतं, बाकी ते शाबूत राहतं. छाप चांगला निघाला, पण ती वीण कुठल्याही सुती कापडाची असती. मग शाई न लावता, नुसत्या ओल्या कागदावर दाब देऊन पाहिला. पांढऱ्यावर पांढरा उठाव आला. शिवण, घडी, विरलेली जागा, सगळं त्यात होतं. फक्त ते बघायला जवळ जावं लागायचं आणि उजेड तिरका लागायचा.

मला तिथं थांबता आलं असतं. वाकळ न नासवता काम होत होतं, हे मला त्या दिवशीच कळलं होतं. पण मला काळं हवं होतं. दारातून आत येणाऱ्याला लांबून दिसेल असं हवं होतं.

उसवायला चार दिवस लागले. वर इरकल, खाली आजोबांचं धोतर, त्याखाली परकराचे तुकडे, धान्याच्या पिशवीचं जाड कापड, एका बाळाचं अंगडं. प्रेस तीन फुटांची, म्हणून मोठे थर कापावे लागले. लुगड्याचा थर मी मधोमध कापला, कारण तिथं टाक्यांच्या ओळी तशाही चुकल्या होत्या. एका बाजूच्या ओळी दुसऱ्या बाजूच्या ओळींना जुळतच नव्हत्या. मग रोलरनं तेलाची शाई कापडावर चढवली, वर ओला कागद, कागदावर लोकरीचा जाड थर. त्या थराला प्रेसवर ब्लँकेट म्हणतात. पांघरुणावर पांघरूण, असं काहीतरी मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

प्रदर्शनाच्या पाटीवरचा मजकूरही माझाच. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी रंगवलेली पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं आजही दिसतात, ती ज्यांनी विणली त्यांच्या मागावरचं एक सूतही उरलेलं नाही. म्हणून कापडाला टिकायचं तर दुसऱ्या कशावर तरी उमटावं लागतं, असा माझा मुद्दा होता. दुसरा आधार अ‍ॅनी आल्बर्सचा. जर्मनीच्या बाउहाउस या कलाशाळेत विणकाम शिकलेली ही बाई १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड कार्यशाळेत लिथोग्राफीकडे, म्हणजे दगडावरून छापण्याकडे, वळली आणि पुढं तिनं माग सोडलाच. ती कापडावरून कागदावर गेली, मीही गेले. वाचणाऱ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलेलं होतं. आज वाटतं, अजिंठ्याच्या चित्रकारानं समोरचं वस्त्र फाडून त्याचा रंग केला नव्हता. आणि आल्बर्सनं स्वतःचं विणकाम मागं ठेवलं होतं. मी जे कापलं ते मी शिवलेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी भाऊ आईला एसटीनं घेऊन आला. आईनं सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात. मी खुर्ची दिली तर बसली नाही. भिंतीकडेनं एकेक छाप बघत गेली आणि लुगड्याच्या जोडछापापुढं थांबली. दोन मोठे कागद शेजारी शेजारी लावले होते. उसवलेल्या टाक्यांची भोकं त्यांत पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटली आहेत, ओळीच्या ओळी. आई त्या ओळींवरून बोट फिरवायला लागली. हात लावू नका असं मीच लिहून चिकटवलं होतं. मी काही बोलले नाही.

"ही इकडं कामून आली?" ती म्हणाली.

"काय?"

"माझी बाजू. मी डाव्या अंगाला बसायचे. आत्याबाई उजव्या अंगाला."

मला आधी उत्तरच सुचेना. मग छापा उलटा पडतो हे सांगायला लागले, पण तिनं मध्येच थांबवलं. "मंजी एका तळव्याची मेंदी दुसऱ्यावर दाबल्यावानी." तिला ते लगेच कळलं होतं. कळलं नव्हतं ते मला.

बारीक टाके आईचे होते. लांब टाके आजीचे. १९७२ च्या दुष्काळात आईचं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. दिवसभर दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला, आणि दिवस मावळला की अंगणात वाकळ पसरून दोघी दोन टोकांना बसायच्या. बारीक टाका दोरा खातो म्हणून आजी तिला बोलायची. आईला तिच्या आईनं तसाच शिकवला होता, मोठा घालायला हात वळायचा नाही. हे सगळं ती छापाकडं बघत सांगत होती, माझ्याकडं नाही.

तेवढ्यात भावानं खालची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. जिथं ओळी चुकल्या होत्या त्या जागेबद्दल मी लिहिलं होतं : "इथे आजीचा हात थकला असावा."

आई म्हणाली, "थकली न्हाई ती. तिथवर तिचं, तिथून माझं."

मग दोन कागदांच्या मधल्या फटीत तिनं बोट घातलं. "कातरी इथंच लावलीस व्हय?"

मी होय म्हणाले.

"मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला भांडता आलं असतं. घरात आम्ही सगळे तिला "आजीची वाकळ" म्हणायचो, कारण ती आजी पांघरायची. कुणी शिवली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. चार दिवस एकेक टाका उसवत बसले होते, तेव्हा आई शेजारच्या खोलीत ज्वारी निवडत होती.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि ते छापे करणारी मीही म्हणेन, की उसवलं नसतं, काळं छापलं नसतं, तर आईला तरी ते टाके पुन्हा कधी दिसले असते? वाकळ पेटीत राहिली असती आणि ही गोष्टही. हे खरं आहे. पण ती म्हणाली तेही खरं आहे. विचारायला प्रेस लागत नाही. गेले काही महिने मी या दोन्ही बाजूंनी बोलते आहे, आणि ज्या दिवशी ज्या बाजूनं बोलते त्या दिवशी तीच पटते.

सातव्या दिवशी मी चिठ्ठी बदलली. आजीच्या नावाखाली आईचं नाव लिहिलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माझं कशाला, वाकळ त्यांचीच." मी ते नाव तसंच ठेवलं. ते बरोबर केलं का, हेही मला ठामपणे सांगता येत नाही.

तर, ती कुठं आहे. थर निरनिराळ्या पिशव्यांत आहेत. लुगड्याचे दोन्ही तुकडे रॉकेलनं पुसून पाहिले, साबणात भिजवले; वर वर निघालं ते निघालं, बाकी शाई धाग्यात बसली. प्रदर्शन उतरवून घरी आले तेव्हा आई म्हणाली, "झालं तेवढं पुरे. आता परत शिवून दे." म्हणून रोज रात्री बसते. अंगडं, पिशवीचं कापड, परकराचे तुकडे आणि धोतर एकावर एक लागलेत. आई डाव्या अंगाला बसते, आता सुई तिलाच ओवून द्यावी लागते. लुगड्याच्या थराशी आम्ही अडकलोय. वाळलेल्या शाईनं ते पुठ्ठ्यासारखं झालंय. बारीक सुई आत जात नाही, आणि दाभण घातलं की भोकापासून कापड तडकत जातं.