झोपेची ओपीडी, वेळ सकाळी ८ ते ११

ज्याला पहाटे चारशिवाय झोप लागत नाही त्याने केस पेपर काढायला सकाळी ८ ते ११ मध्ये यायचं, तेही फक्त गुरुवारी. हे कोणी ठरवलं असेल त्याला रात्री गाढ झोप लागत असणार. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

पहिल्या गुरुवारी गजर बंद करून झोपलो. दुसऱ्या गुरुवारी कुर्ल्याहून धावतपळत पोचलो तर ११ वाजून ५ मिनिटं. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला, फटीतून डबा उघडणारे काका दिसत होते. "पुढच्या गुरुवारी." तिसऱ्या वेळी झोपलोच नाही, पहाटेच्या लोकलने जाऊन रांगेत चौथा उभा राहिलो. मग बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला आणि नाव पुकारलेलं ऐकूच आलं नाही. सिस्टरने खांदा हलवला, "अहो, झोप येत नाही म्हणून आलात ना?" अख्खी रांग हसली. आत डॉक्टरांनी दोन मिनिटांत छापील कागद दिला: दोन आठवडे झोपेची डायरी भरा, मग या. म्हणून सांगतो, डायरी घरीच भरून न्या. कधी आडवे झालात, कधी झोप लागली, कधी उठलात, एवढंच असतं. माझा एक गुरुवार वाचला असता.

त्याआधी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी १० मि.ग्रॅ. मेलाटोनिन रात्री एकला घेत होतो. दुपारपर्यंत डोकं जड. डॉक्टर म्हणाले, ही गुंगीची गोळी नव्हे. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हेच बनवते, गोळी फक्त रात्र झाल्याची वर्दी देते. नुसत्या निद्रानाशात झोप सरासरी सातेक मिनिटंच लवकर येते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये त्यासाठी ती न सुचवण्याचा सल्ला दिला. नुसत्या निद्रानाशात आधी सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी थेरपी. माझं शरीराचं घड्याळच उशिरा सरकलेलं, म्हणून मला ही गोळी चालते. पण डोस कमी, वेळ रात्री नऊची, नंतर दिवे मंद आणि उठल्या उठल्या गॅलरीत ऊन.

हां, चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या आणि डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांचं मेलाटोनिनशी जमत नाही. गोळी घेऊन बाइकही नको.

महिन्याभरात साडेबाराला झोपू लागलो. फॉलोअपला पावणेआठलाच हजर, ऐटीत. काका म्हणाले, जुन्या पेशंटची खिडकी वेगळी, ती दीडला उघडते. पाटीवर हे कुठेही नाही.